मेश्रामबाईंचा कटोरा आणि माझा गार्लिक ब्रेड

रविवारी मी घरी चीजी गार्लिक ब्रेड केला. हसू नका... साठी उलटलेल्या माणसाने, सिंदेवाहीत, ओव्हन नसताना केला.

कारण सांगतो. आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर एक स्टीलचा कटोरा पावसाळ्यापासून पालथा पडला होता. त्यावर नाव कोरलेलं, मेश्राम. शेजारच्या मेश्रामबाईंनी त्यातून वास्त्यांची भाजी पाठवली होती. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब... आमच्याकडे पावसाळ्यात बाजारात येतात.

माझी बायको सुनंदा गेली, त्यानंतरचा तो पहिलाच पावसाळा. ती होती तेव्हा या दोन घरांतली भांडी सारखी इकडून तिकडे फिरायची, कुणाचं कोणतं ते त्या दोघींनाच ठाऊक. सुनंदा म्हणायची, आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, आणि त्यात घालायचं ते आपल्या हातचं.

आता माझ्या हातचं म्हणजे खिचडी. तीही खालून लागलेली आणि वरून कच्ची. आज देऊ, उद्या देऊ करता करता इतके दिवस गेले की नुसतं तोंड दाखवायचीही लाज वाटू लागली. मेश्रामबाई अंगणात दिसल्या की मी आपला मागच्या दाराने बाहेर पडायचो.

मग त्यांच्याकडूनही काही येईनासं झालं. मी मनाशी म्हटलं, बरोबरच आहे... ती होती तोवर शेजार होता.

आमची गल्ली गावाच्या टोकाला, पलीकडे जंगल. वाघाच्या भीतीने दिवे लागले की सगळ्यांची दारं बंद. मग घरात मी, टीव्ही आणि तो पालथा कटोरा. खरं सांगू? फार एकटं वाटतं. जेवलात का, एवढं विचारायलाही कुणी नसतं.

मुलगी पुण्याला असते. दिवाळीला आली तेव्हा "बाबा, एक तरी पदार्थ शिका" म्हणत तिने मला तव्यावरचा गार्लिक ब्रेड शिकवला. जाताना पिझ्झासोबत मिळालेल्या ओरेगॅनोच्या आणि चिली फ्लेक्सच्या पुड्या ड्रॉवरमध्ये ठेवून गेली. त्या तशाच होत्या... एकट्यासाठी कोण एवढा घाट घालतो?

रविवारी कटोऱ्यावरची धूळ पुसताना एकदम डोक्यात आलं. अरे, आपल्याला एक पदार्थ येतो की!

बेकरीतून ताजे पाव आणले, दुकानातून बटर आणि चीज. लसूण ठेचला, सांभार म्हणजे कोथिंबीर, तीही चिरली, सगळं बटरमध्ये कालवून पावांना लावलं आणि वरून चीज किसलं. पहिला घाणा खालून कोळसा, वर चीज जसंच्या तसं. मग मुलीचं आठवलं... आच बारीक, तव्याच्या कडेला पाण्याचे चार थेंब आणि वर झाकण. दुसऱ्या घाण्याला चीज असं वितळलं की मी एकटाच स्वयंपाकघरात "वा!" म्हणालो.

आता पंचाईत अशी की तुकडे लांबट, कटोऱ्यात एकही धड बसेना. शेवटी एक कसाबसा कोंबला, म्हणजे कटोरा रिकामा नाही. बाकीचे सुनंदाच्या निळ्या काठाच्या प्लेटमध्ये घेतले. चीज गार झालं की चामडं होतं, म्हणून उन्हं उतरताना तसाच लगबगीने निघालो.

दार मेश्रामबाईंनीच उघडलं. कटोऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, आमी तं समजलो होतो, बाई गेल्यावर तुमाले आमच्या घरचं चालत नसन."

मला अर्थ कळायला जरा वेळ लागला... मेश्राम बौद्ध आहेत. आमच्या दोन घरांत ही गोष्ट कधी निघाली नव्हती. पण कोणत्या घरी आपल्या हातचं बाजूला सारतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. मी लाजेने लपत होतो आणि भिंतीपलीकडे त्याचा हा अर्थ लागत होता.

"नाई हो बाई," मी म्हटलं, "भाजी तं मी त्याच दिवशी बोटानं पुसून खाल्ली. मले काही करता येत नाई, रिकामा कटोरा कसा आनू म्हनून..."

"यवढ्यासाठी?" त्या हसायलाच लागल्या. "अवो, तुमची बाई तं कितीक खेपा मूठभर साखर घालूनच पाठवत होती!"

घ्या! आपल्या हातचं म्हणे... इतक्या वर्षांत मला हे माहीतच नव्हतं. हसू आलं आणि डोळेही भरून आले. सुनंदाची एखादी नवी गोष्ट आता कळेल, असं मला वाटलंच नव्हतं.

त्यांचे मिस्टर चीजची तार ओढत म्हणाले, "हे तं तुटूनच नाई राह्यलं भाऊ." मेश्रामबाईंनी निकाल दिला, "लसून जास्त झाला, पन मस्त हाये." चहा झाला. मी प्लेट उचलायला गेलो तर त्यांनी ती बाजूला घेतली. "राहू द्या. रिकामी कशी देऊ?"

घरी आलो तर घर तेच, टीव्ही तोच. फळीवर कटोऱ्याची जागा तेवढी मोकळी होती.

प्लेट अजून त्यांच्याकडेच आहे. मी मागणार नाही... सावकाश येऊ दे. आपल्याकडे कुणीतरी येणार आहे, हे माहीत असणं किती मोठं असतं ते मला या वयात कळलं. आजकाल संध्याकाळी फाटक जरा वाजलं तरी मी टीव्हीचा आवाज बारीक करतो.