बत्तिसावं पान

धाराशिवात आमच्या कॉलेजजवळ प्रबंध बांधून देणारे एक चाचा आहेत. पुठ्ठा चिकटला की प्रबंधाच्या पाठीवर तीन थापा मारतात आणि म्हणतात, "जा बाबा, कपाटात झोप."

यंदा विद्यापीठानं सगळे प्रबंध इंटरनेटवर फुकट खुले केले. मला वाटलं, चाचांचा धंदा बसला. काल गेलो, तर गिऱ्हाइकं ताटकळलेली आणि चाचा मोबाइलवर माझाच ज्वारीवरचा प्रबंध मोठमोठ्यानं वाचतायत!

"सर, बत्तिसाव्या पानावर चुकलात. आमच्या सास्तूरला हुरडा पौषात असतो. तुम्ही चैतात खाल्ला व्हय?"

एकाही परीक्षकाला न दिसलेली चूक! मी चाचांना मिठीच मारली. त्यांनी माझ्या पाठीवर तीन थापा मारल्या. झोप मात्र म्हणाले नाहीत.