लास्ट पोस्ट गुरवचा, राऊझ रमजान मास्तरांचा

नोकरीची शेवटची दोन वर्षं माझी पोस्टिंग कोल्हापुरातच होती. हुद्दा सुभेदार. जिल्ह्यातला जवान गेला की सलामीची तुकडी घेऊन जायचं काम माझ्याकडे असे. एक हवालदार, दहा रायफली, एक ब्युगलर. लोकांना रायफलींचे बार लक्षात राहतात. पण बार दहा जण मिळून काढतात, एखादा मागेपुढे झाला तरी झाकला जातो. ब्युगलर एकटा असतो. त्याचं झाकायला कोणी नसतं.

आमचा ब्युगलर नायक संजय गुरव, साताऱ्याकडचा. बोलणं कमी. रोज पहाटे पाचला मैदानाच्या टोकाला उभा राहून तो अर्धा तास नुसते लांब सूर धरायचा. थंडी असो, पाऊस असो. त्याचा सूर घसरलेला मी कधी ऐकला नाही.

जानेवारीत निरोप आला. लान्स नायक मल्लिकार्जुन, कुरुंदवाडजवळच्या एका गावचा, वय सव्वीस. बर्फातल्या पोस्टवर पेट्रोलिंगला असताना कडा कोसळला आणि त्याखाली तो गेला. लिंगायत घर, त्यामुळे दहन नाही, दफन. वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा.

आम्ही साडेसहाला ट्रकने निघालो. आठच्या सुमाराला उसाची ट्रॉली आडवी आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. बाकी सगळे सावरले, गुरवचं तोंड समोरच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. वरचा ओठ फाटला. कापूस दाबून धरत तो म्हणाला, "दात शाबूत आहेत, साहेब."

मी कंट्रोलला फोन लावला.

"ब्युगलर जखमी. दुसरा पाठवा."

"दुसरा रजेवर आहे. स्पीकरवर रेकॉर्डिंग लावा."

गुरवने ऐकलं होतं. त्याने मान हलवली.

"साहेब, एकदा वाजवेन. दोनदा नाही जमणार."

सलामीत ब्युगलवर दोन धून वाजतात. आधी लास्ट पोस्ट, तो निरोप. मग शांतता. मग राऊझ, म्हणजे सकाळी जवानांना उठवायची धून. पहिली वाजवल्यावर फाटलेला ओठ दुसरीला साथ देणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

नऊला गावात पोहोचलो. शाळेच्या मैदानात गावचा बँड थांबला होता. लग्नाकार्यात वाजवणारीच माणसं, पण गावात मयत झाली की तीच पुढे चालतात. त्यांचे म्होरके रमजान मास्तर, साठीचे, हातात ट्रंपेट. गुरवचं तोंड बघून ते सरळ माझ्याकडे आले.

"पावणं, ह्यो गडी वाजवणार हाय व्हय?"

मी अडचण सांगितली.

"मग दुसरं मी वाजवतो की. शिकवू दे मला."

नियमात असं काही बसत नव्हतं. मी घड्याळ बघितलं. नऊ वीस. म्हणालो, "शिकव, गुरव."

दोघं शाळेच्या मागे गेले. गुरव ओठ न हलवता धून गुणगुणायचा; ब्युगलला कळा नसतात, म्हणून मास्तर ट्रंपेटची एकही कळ न दाबता तेवढ्याच सुरांत ती काढायचे. मध्येच मास्तर थांबले.

"ह्ये उठवायचं वाजवणं न्हवं? मेलेल्याला कशापायी उठवायचं?"

"त्याला नाही, मास्तर. मागे राहिलेल्यांना."

मास्तरांनी ट्रंपेटचं तोंड बाहीला पुसलं. मग म्हणाले, "पुन्यांदा सांग."

अकराला पेटी आली. मास्तरांचा बँड पुढे, मागे पेटी, असं मल्लिकार्जुनला त्याच्या शेतापर्यंत नेलं. पुष्पचक्रं झाली. मी ऑर्डर दिली, "शोक शस्त्र." रायफली उलट्या झाल्या. बार झाले. मग गुरव तीन पावलं पुढे आला, ओठावरचा कापूस काढून खिशात ठेवला आणि ब्युगल उचललं.

पहिला सूर स्वच्छ आला. दुसऱ्या ओळीला त्याच्या हनुवटीवरून रक्त उतरायला लागलं. शेवटचा लांब सूर त्याने पुरा धरला. एक क्षणही कमी नाही. मी सॅल्यूटमध्ये होतो, मला मान वळवता येत नव्हती. माझ्या शेजारच्या हवालदाराचा श्वास मला ऐकू येत होता.

शांतता. मग मागून ट्रंपेट. मास्तरांनी राऊझ जसाच्या तसा वाजवला. लग्नातली एकही मुरकी त्यात घातली नाही.

विधी आटोपल्यावर मल्लिकार्जुनची आई, गाव तिला अव्वा म्हणतं, बायकांच्या घोळक्यातून उठून गुरवसमोर आली.

"लेकरा, तोंडाला काय झालं रं?"

"काही नाही, अव्वा. लागलं थोडं."

तिने पदराने त्याचं रक्त पुसलं. तोवर गुरव ताठ उभा होता. मग ट्रकच्या मागे जाऊन तो बराच वेळ बाहेर आला नाही. मी कोणाला बोलावायला पाठवलं नाही.

आता मी रिटायर आहे. शिरोलीत एका फौंड्रीत सिक्युरिटी बघतो. दर जानेवारीला मल्लिकार्जुनच्या पुण्यतिथीला त्या गावी जातो. गुरवला रजा मिळाली तर तो येतो, नाहीतर दोन्ही धून मास्तर वाजवतात. त्या दिवशी ते लग्नाची सुपारी घेत नाहीत.

मल्लिकार्जुनला मी जिवंतपणी कधी भेटलो नाही. अव्वाच दर वर्षी एखादी गोष्ट सांगते. सुट्टीवर आला की घरात जायच्या आधी गोठ्यात जायचा. कारलं ताटात दिसलं की उठून जायचा. यंदा म्हणाली, "ल्हानपणी आभाळ गडगडलं की माझ्या पदरात शिरायचा बगा. तितं बर्फात भ्याला नसंल न्हवं?"

मी तिथे नव्हतो.

"न्हाय अव्वा," मी म्हणालो. "भ्याला न्हाय."