माल नसलेला डोंगर

नाव: बाबली सगुण गवस. वय: एकसष्ट. राहणार डिचोली, मूळ गाव दोडामार्गाच्या पलीकडचं. शिक्षण: सातवीपर्यंत, सातवी धरून की सोडून, याबद्दल कुटुंबात मतभेद. पूर्वीचा व्यवसाय: खाणीवरून जेटीपर्यंत डोंगर वाहून नेणे. सध्याचा व्यवसाय: निरंक. वर्तणूक समाधानकारक. सदर इसम रानातील राहण्याची जागा निवडण्यास सर्वथैव सक्षम असल्याचे त्याच्या पत्नीने तोंडी प्रमाणित केले असून त्याबाबत अन्य पुरावा उपलब्ध नाही.

पत्नीचं नाव शेवंती. तिची फुप्फुसं कडक होत चालली होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव लांबलचक सांगितलं आणि औषधांची यादी मात्र आखूड दिली. मार्चमध्ये त्यांनी लेकीला, सिद्धीला, बाजूला घेऊन सांगितलं की पुढचा उन्हाळा धरून चालू नका. सिद्धी घरी काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून ती आईला काय खायचंय, कुठे जायचंय असं विचारायला लागली, तेव्हा शेवंतीला जे कळायचं ते कळलं.

"माका एक रात रानात निजाचा आसा," ती म्हणाली. बाकी काही मागितलं नाही.

तिचं माहेर डिचोली तालुक्यातच, एका डोंगराच्या पायथ्याशी. घराच्या मागच्या दारातून रान सुरू व्हायचं. पावसाच्या दिवसांत उजाडायच्या आधी तिथे एक पक्षी माणसासारखी शीळ घालायचा. लहानपणी तिला वाटायचं, बापूसच रानातून परत येतोय. आता तिथे डोंगर नाही. खड्डा आहे, त्यात हिरवं पाणी आहे. आणि तो डोंगर ज्या ट्रकांच्या रांगेतून गेला, त्या रांगेत एक ट्रक तिच्या नवऱ्याचा होता. या गोष्टीवरून घरात कधी भांडण झालं नाही. तो डोंगर वाहत होता म्हणून चूल पेटत होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

हल्ली घाटात लाकडी खोल्यांच्या छावण्या झाल्या आहेत. शहरातले लोक तिथे जंगल बघायला येतात, आणि त्यांच्यासाठी थोडंफार जंगल ठेवलेलंही असतं. सिद्धीने चोर्ला घाटातली एक छावणी मोबाइलवर शोधली आणि तिथूनच ती ठरवायलाही निघाली. बाबलीने तिला थांबवलं. माल न बघता गाडी भरायला लावणारा ड्रायव्हर तो नव्हता. सकाळी पोई आणि भाजी बांधून घेतली आणि स्कूटरने एकटाच घाट चढला.

छावणीचा व्यवस्थापक प्रज्योत नावाचा तरुण होता. त्याने खोली दाखवली, शेकोटीची जागा दाखवली, समोरची दरी दाखवली. बाबलीने दरीकडे पाहिलंच नाही. त्याने खोलीच्या मागे जाऊन चपलेच्या टाचेने जमीन उकरली. एक दगड उचलला, तळहातावर तोलला, दुसऱ्या दगडावर आपटला आणि फुटलेली बाजू उन्हात धरली.

"काका, तुमी हांगा कितें बांदतले?" प्रज्योतने घाबरतच विचारलं.

"हयसर माल आसा," बाबली म्हणाला. खाणीवर लोखंडाच्या खनिजाला मालच म्हणतात. "खाणीसाठी कोण मोजूक इल्लो काय?"

"काका, हें रिसॉर्ट."

"आज आसा," बाबली म्हणाला आणि दगड होता तसा परत ठेवला.

घरी आल्यावर त्याने निकाल सांगितला: जागा बरी, झाडं दाट, पाणी गोड, पण डोंगर टिकाऊ नाही. सिद्धीने कपाळावर हात मारला. शेवंती हसली, पण हसताना तिला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

जुलैत तो तिलारीकडची दुसरी छावणी बघून आला. तिथली माती चांगली होती. मात्र ओढ्याकाठी एका दगडावर लाल रंगात आकडा घातलेला दिसला. मोजणी झाली, म्हणजे आज ना उद्या मशीन येणार, असं गणित मांडून तो तिथूनच मागे फिरला. तो आकडा वनखात्याने झाडं मोजताना घातलेला होता, असं सिद्धीने फोन करून विचारून घेतलं. बाबलीचं म्हणणं, सुरुवात कोणीही करतो.

त्या संध्याकाळी पाऊस लागून राहिला होता. दोघं सोप्यावर बसली होती.

"तुमी जागा बघूक जातात काय खाण?" शेवंतीने विचारलं.

"डोंगर बरो होयो."

"एक रात रवाची आसा, घर बांधूचा नाय. एका रातीत डोंगर जाता काय हो?"

"तुज्या म्हायारचो गेलो मगे."

"तो काय एका रातीत गेलो? वर्सांची वर्सां लागली तुमका."

"मी एकटो नाय होतंय. रांगेत होतंय."

"म्हणानच येळ लागलो. रांग मोठी होती."

बाबलीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तो म्हणाला, "तुका परत एक डोंगर दाखवूचो, आणि मागसून तोय कोणी न्हेवचो. ता माका नको."

"मागसून मी खंय बघूक असतलंय," शेवंती म्हणाली, आणि पाय गारठले म्हणून चादर मागितली. त्याने चादर आणून दिली.  त्याच्या हिशेबात तिचं ते वाक्य बसतच नव्हतं.

सप्टेंबरअखेरीस त्याला जागा मिळाली. चंदगडच्या बाजूला, लांब, घाटावर. माती काळी, दगड हलका, म्हणजे खाली माल नाही. जुन्या लोकांना विचारून त्याने खात्री करून घेतली की इथे कधी कोणी काही खणलेलं नाही आणि खणण्यासारखं काही नाहीही. इतका आनंदी तो खाण बंद झाल्यापासून दिसला नव्हता. त्याने तिथला एक दगडही आणला आणि शेवंतीच्या हातात दिला. "बघ, किती हलको."

शेवंतीने तो हातात धरला. तेवढ्यानेही तिचा हात खाली गेला.

ऑक्टोबरात तिला घरी प्राणवायूचं यंत्र लागलं. इतक्या लांबचा प्रवास डॉक्टरांनी साफ नाकारला. फार तर तासाभराच्या अंतरावर, तेही वीज असेल तिथे, असं ते म्हणाले. तासाभराच्या अंतरावर वीज असलेली एकच छावणी होती.

 दोन दिवसांनी बाबली सिद्धीजवळ येऊन म्हणाला, "ती पयली बघ. मालाची."

सिद्धीने फोन केला तेव्हा प्रज्योतला ओळख लागलीच पटली. "दगड तोलपी काका? येयात मरे." पण पाऊस सरला होता, पर्यटकांचे दिवस सुरू झाले होते आणि नव्या वर्षापर्यंत सगळ्या खोल्या भरल्या होत्या. कोणी रद्द केली तर पहिला फोन तुम्हालाच, असं त्याने सांगितलं. सिद्धीने त्याला आईची हकिकत सांगितल्यावर त्याने आपली स्वतःची राहायची खोली देऊ केली. त्या खोलीत वीज रात्री दहाला जायची. यंत्र विजेवर होतं.

शेवंतीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आसूं दी. तो पक्षी तरी आता खंय बोलता. तो पावसातलो." मग बाबलीकडे बघून, "तुमका शीळ येता मा?"

बाबलीला शीळ येत नव्हती. त्याने प्रयत्न केला. नुसती हवा आली.

सदर छावणीचा डोंगर टिकाऊ नसल्याबाबत श्री. बाबली सगुण गवस यांनी दिलेला अभिप्राय अद्याप खरा अथवा खोटा ठरलेला नाही. तेथील खोल्या चालू आहेत. शेवंती अकरा डिसेंबरला वारली.