वहीतलं नाव

आमच्या गुंजवण्यात परकी गाडी थांबली की मी आधी नंबरप्लेट बघते. उगाच नाही. धरणाकडेच्या जमिनीत पुण्याच्या लोकांचा जीव अडकलाय, आणि गोड बोलून सह्या घेणारे एजंट पैशाला पासरी झालेत. त्यामुळं वडील गेल्यावर दोन महिन्यांनी एक विशीतली पोरगी दर रविवारी स्कूटीवरून आईकडं यायला लागली, तेव्हाच माझं डोकं फिरलं.

ओळख म्हणे भोरच्या दवाखान्यातली. वडिलांच्या शेजारच्या खाटेवर तिची आजी होती. दोघंही एकाच आठवड्यात गेली. पोरगी हायवेलगतच्या वस्तीतली, मुसलमानाची, आजीनंच वाढवलेली. "आमी दोघी बसून रडतो," आई म्हणाली. आता बोला! रडायला एवढं पेट्रोल जाळून कोण येतं?

मी भोरला राहते, तिथल्याच शाळेत शिकवते. एका रविवारी न सांगता आईकडं जाऊन थडकले, तर आईच्या बोटांना निळी शाई. मला बघून तिनं काहीतरी पदराखाली दडवलं.

"काय गं ते?"

"कुठं काय? काय न्हाई."

जन्मभर अंगठा उठवणाऱ्या बाईच्या हाताला पेनाची शाई! सही शिकवतेय भवानी, माझी खात्रीच पटली. थोड्या वेळानं पोरगी आली, तशी मी तिला दारातच अडवलं. "सातबाऱ्यावर डोळा ठेवून येत असशील तर याद राख. परत इथं पाऊल टाकायचं नाही." तिनं आईकडं बघितलं आणि स्कूटी वळवली.

त्यानंतर दोन रविवार आई धड जेवली नाही. शेवटी मी वैतागून म्हटलं, "कुठं सही केलीस ते तरी दाखव." तिनं कणगीमागून वही काढली आणि माझ्या पुढ्यात टाकली.

सही नव्हतीच. पानंच्या पानं वडिलांचं नाव. आधी वाकडंतिकडं, मग जरा सरळ.

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. घेतलं तर उखाण्यात. आणि विधवेला उखाणा घ्यायला कोण लावणार?

"मनात लई येतंय त्येंचं नाव," आई म्हणाली. "तोंडानं कसं घिऊ? म्हनून हातानं घेती. पोरगी तिच्या आजीचं लिवती, म्या ह्येंचं."

"मग मला सांगायचंस की. मी लोकांच्या पोरांना शिकवते!"

"सांगितलं व्हतं. तू म्हनलीस, आता ह्या वयात कशाला नसते धंदे."

म्हटलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईकडून नंबर घेऊन मी पोरीला फोन लावला. तिनं उचलला नाही. परत लावला, तरी नाही. "तुजा न्हाई उचलायची ती," आई म्हणाली आणि तिचा मोबाईल माझ्याकडं सरकवला. पहिल्याच रिंगला आवाज आला, "आजी, जेवलीस का?"

"आजी नाही, मी बोलतेय," मी म्हटलं.

पलीकडून रडवेला आवाज, "आजीला काय झालं?"