गॅलरीतलं दगडफूल

तोंडाने सांगायची वेळ आली होती, तेव्हा मी मान खाली घातली. नंतर कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही — नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवासमोर हात जोडते तेव्हा मी दुसरंच काहीतरी मागत असते. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून लिहिते आहे. ओळखीच्या माणसांना मी आवडते. त्यांना आवडते ती बाई कशी आहे, ते ऐका.

मी लालबागला राहते आणि फणसवाडीत एका घरी स्वयंपाक करते. चौथीपर्यंत शिकले. चारचौघांत मला बोलता येत नाही, घसा सुकतो. म्हणून सगळे म्हणतात, शालू किती साधी. साधी? मनातल्या मनात मी दिवसभर लोकांना नावं ठेवत असते. खाली गाडी चालू ठेवून आत गारव्यात झोपणारे ड्रायव्हर. दिवाळीत खोकत खोकत फटाक्यांची माळ लावणारे दुसऱ्या मजल्यावरचे काका, आणि मग दार लावून वाफ घेणारी त्यांची बायको. धूर यांनीच करायचा आणि डॉक्टरकडेही यांनीच रांग लावायची. हे सगळं मी भाजी चिरताना मनात म्हणते. चेहऱ्यावर काही दिसत नाही. लाजऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे नीट बघतं कोण?

त्या घरात दोघीच. काकू सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर सरकारी ऑफिसात काम केलेल्या. आणि त्यांची मुलगी अनघाताई, कॉलेजात एका सरांच्या हाताखाली हवेचा अभ्यास करणाऱ्या. काकू विसरायच्या. चष्मा कपाळावर आणि शोध चालू देव्हाऱ्यात. तेव्हा ते एवढंच होतं — त्या वयात कुणाचं नसतं? पण मला त्याचा राग यायचा. राग नाही, किळस म्हणा. मी एवढ्या लांबून येते, दोन घरचं डोक्यात ठेवते, मी कधी काही विसरत नाही. आणि या बसल्या जागी विसरतात. विसरणं हे त्यांचं काम होतं, माझं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एकदा ताई घाटातून दगडफूल घेऊन आल्या. मसाल्यात घालतो तेच, पण जिवंत, काटक्यांना चिकटलेलं, पाणी लागलं की हिरवट होणारं. ते त्यांनी जाळीच्या पिशव्यांत भरलं. एक पिशवी परळला, एक शिवडीला ट्रक उभे राहतात तिथे, आणि एक आमच्या रस्त्याकडच्या गॅलरीत, तुळशीच्या वरच्या हुकाला. मला म्हणाल्या, "शालू, हिला पाणी नाही, पुसणं नाही, काही नाही. फक्त हवा."

मला हसू आलं. एवढं शिकून बाई गॅलरीत मसाला टांगते.

काकूंना त्या समजावत होत्या, मी पोळ्या लाटत ऐकत होते. गाड्यांच्या, भट्ट्यांच्या धुरातून नायट्रोजन वर जातो, एका वेगळ्या रूपात. तो खतासारखा असतो. वाऱ्याबरोबर लांब जातो, पावसातून खाली उतरतो, आणि जिथे नको तिथेही खत पडत राहतं. घाटातल्या कातळावर बोटभर उंचीची फुलं येतात, ती तिथली माती गरीब आहे म्हणून. खत मिळालं की गवत माजतं आणि त्यांना झाकून टाकतं. खाडीत शेवाळ माजतं, खालच्या पाण्यातला जीव गुदमरतो. आणि दगडफुलाला मूळच नाही. हवेतून येईल ते सगळं ते पितं, म्हणून ते तपासलं की हवेत काय आहे ते मोजता येतं. त्याला नको म्हणता येत नाही.

"म्हणजे पंगतीत आग्रह करकरून मारायचं," काकू म्हणाल्या.

"तसंच."

"आणि माझ्या मसाल्याला कमी पडलं तर? मी काढून घेईन हो तुझी ती पिशवी."

"आई, हात लावलास तर बघ." दोघी हसल्या. मी नाही हसले. मला वाटलं, खत जास्त झालं की रोप जळतं, हे गावात शेणाची पाटी उचलणारीलाही माहीत असतं. तेवढ्यासाठी काटक्या टांगायच्या? तेव्हा मला वाटलं होतं की मला सगळं कळलं. मला काहीच कळलं नव्हतं.

उन्हाळ्यात काकू वर्षाचा गोडा मसाला करायच्या. सामान मी लालबागहून आणायचे, भाजायच्या मात्र त्याच. खोबरं कधी उतरवायचं, तीळ कधी, ते नाकाने ठरवायच्या. त्या कामात त्या काही विसरत नसत, हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्या दिवशी शेगडीशी बसून त्या म्हणाल्या, "दगडफूल दे गं."

मी पिशवी उपडी केली. दगडफूल नव्हतं. मी आणायला विसरले होते.

"काकू, विसरले" — एवढंच म्हणायचं होतं. त्या काय म्हणाल्या असत्या? हसल्या असत्या. म्हणाल्या असत्या, चला, तूही माझ्या पंगतीत आलीस. आणि तेच मला नको होतं. मी म्हटलं, "आहे ना, आणते." गॅलरीत गेले, जाळीचा दोरा सोडला, आतलं सगळं काढलं, काजळी झटकली आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वास घेतला. म्हणाल्या, "यंदा चांगलं मिळालंय." तेलात टाकलं.

दुसऱ्या दिवशी लालबागच्या दुकानातून पुडी आणली आणि पिशवी भरली. दगडफूल ते दगडफूल. मला खरंच वाटलं, फिटलं.

महिन्याने ताईंनी पिशवी उघडून बघितली तर सगळं मेलेलं. मरणारच — दुकानात ते आधीच मेलेलं असतं. पण हे दुकानातलं आहे हे त्यांना कुठे माहीत? त्या गॅलरीत उभ्या राहून खालच्या गाड्यांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "इतक्या लवकर? या रस्त्यावर आपण श्वास घेतो शालू." डोळ्यांत पाणी होतं. मी तुळशीची पानं काढत होते. पुढे त्यांच्या सरांनी ते तपासलं. सर म्हणाले, हे आपल्या घाटातलं नाहीच, थंड डोंगरातलं आहे, बाजारातलं. मनासारखा निकाल यावा म्हणून तूच बदललंस का?

ताई घरी आल्या त्या पांढऱ्या पडून. चहाही घेतला नाही. "पिशवीला कोणी हात लावला होता?" त्यांनी आधी मला विचारलं.

इथे मी मान खाली घातली. पण नुसती मान खाली घातली असती तरी चाललं असतं. मी बोलले. चारचौघांत घसा सुकणारी मी, तेव्हा अगदी स्पष्ट बोलले. "मसाल्याच्या दिवशी काकू गॅलरीत गेल्या होत्या."

खोटं होतं का? नव्हतं. काकू रोजच गॅलरीत जायच्या, तुळशीला पाणी घालायला. खऱ्याचं एवढं घाणेरडं काही करता येतं, हे मला आधी माहीत नव्हतं. ताईंनी आईकडे बघितलं. दोघींनाही ती जुनी थट्टा आठवली, ते मला दिसलं.

"मी?" काकू म्हणाल्या. "नाही गं... दगडफूल तर शालूने..." आणि माझ्याकडे बघितलं. मी काही म्हटलं असतं तर तिथेच सुटलं असतं. मी कप उचलले. "घातलं असेल मी मसाल्यात," काकू म्हणाल्या. "आणि पिशवीत डब्यातलं भरलं असेल. मला आठवत नाही."

त्यांना आठवत होतं. त्यांना बरोबर आठवत होतं, आणि मी ते त्यांच्याकडून काढून घेतलं.

ताईंनी सरांना तसंच सांगितलं. त्यांच्यावरचा आळ गेला, पण एक पिशवी खोटी निघाली म्हणून परळची, शिवडीची, सगळीच मोजणी सरांनी बाजूला ठेवली. ताईंनी ते काम सोडलं, आता कुठल्याशा ऑफिसात जातात. आईला कधी बोलल्या नाहीत. फक्त तिला डॉक्टरकडे नेऊन आल्या, आणि शेगडीजवळ एकटी बसू नकोस म्हणाल्या. काकूंनी मसाला करणं सोडलं. आता पाकीट आणतो. तो शेवटचा मसाला मात्र वर्षभर पुरला. फार चांगला झाला होता. ताई आमटी वाढून घ्यायच्या आणि मी वाढायचे.

खालच्या गाड्या तशाच चालू असतात. मी अजूनही त्यांना मनात नावं ठेवते — बघा, थांबले का मी?

काकू आता प्रत्येक गोष्ट विचारतात. "शालू, मी तुळशीला पाणी घातलं का गं?" माती ओली दिसत असते. त्या मातीकडे बघूनच विचारतात. मी म्हणते, "घातलंत, काकू." मी नसते तेव्हा खात्री नाही म्हणून पुन्हा घालतात, आणि पुन्हा. तुळस पिवळी पडली. मुळाशी कुजली.

परवा ताई त्या कुंडीपाशी उभ्या होत्या. वर हुक तसाच आहे. म्हणाल्या, "हीसुद्धा या हवेनेच गेली वाटतं."

मी मान हलवली, हो म्हणून.