ताईच्या रिपोर्टचा खुलासा

ताईचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे गुरुवारीच होणार... काल दुपारी मुलुंडच्या हॉस्पिटलात डॉक्टर बाईंनी स्वतः सांगितलं. मी दोनदा विचारून घेतलं. इतकी वर्षं वर्तमानपत्रात काढल्यावर ही खोड जात नाही. गेल्या आठवड्यात मात्र मी एकदाही विचारलं नव्हतं.

माझी मोठी बहीण घाटकोपरला ब्लाउज शिवते. तिच्या उजव्या मांडीतली गाठ तपासली, तर सार्कोमा निघाला... म्हणजे स्नायू, चरबी अशा मऊ भागांतला कॅन्सर.

गेल्या आठवड्यात सोमवारी गाठीचा एक जादा रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. त्यात एक ओळ होती, पी-५३ नावाचं प्रथिन रंग लावून पाहिल्यावर बहुतेक सगळ्या पेशींत गडद दिसतंय. नेटवर पाहिलं, तर हे प्रथिन गाठ होऊ देत नाही, पेशीचा पहारेकरीच म्हणा ना.

मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'चांगली बातमी. ताईकडे पहारेकरी भरपूर आहेत.' अकरा जणांनी हात जोडले.

ताईने ते मनावर घेतलं. लग्नाचे ब्लाउज हातात आहेत, महिनाभर थांबू, असं तिने हॉस्पिटलला फोन करून कळवूनही टाकलं. डॉक्टरांनी लगेच बोलावलं.

"थांबायचं कोणी सांगितलं तुम्हाला?"

ताईने माझ्याकडे बोट केलं. "हा. पेपरात असतो."

मग डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. धडधाकट पी-५३ पेशीत फार वेळ टिकत नाही, म्हणून ते फिकं दिसतं. त्यात बिघाड झाला की बरेचदा ते मोडत नाही, नुसतं साचत जातं. म्हणजे मी मोजलेली गर्दी बहुधा निकामी पहारेकऱ्यांची होती...

"मग हे वाईट?" मी विचारलं.

"गाठीच्या काही प्रकारांत असे बरेच पेशंट एकत्र पाहिले तर निकाल थोडे वाईट दिसतात. पण या एका ओळीवरून यांचं पुढे काय होईल, ते मी सांगू शकत नाही." गाठीचा प्रकार, ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडल्यात ते, आकार आणि ती पूर्ण निघते का, याला जास्त वजन. महिनाभर थांबणं मात्र धोक्याचं, असं त्या म्हणाल्या.

मी चक्रावलो. चांगलं नाही, पण वाईटही पक्कं नाही... याला मथळा काय द्यायचा?

गाठीभोवतीचा थोडा निरोगी भागही काढणार, हे ताईला माझ्याआधी कळलं. "शिवणीला कडेने माया सोडून कापतो तसं," ती म्हणाली. आणि मशीनचं पायडल मारता येईल ना, असं तिने विचारलं. पाय वाचवायचा पूर्ण प्रयत्न आहे, इतकंच उत्तर मिळालं.

परतताना रिक्षात तिने विचारलं.

"काय रे, पेपरात चुकीचं छापलं की काय करता?"

"खुलासा देतो."

"आत कुठेतरी, बारीक अक्षरात ना?"

"हो."

"मग ग्रुपवर टाक. मोठ्या अक्षरात."

टाकला. या वेळी कोणी हात जोडले नाहीत... धाकट्या आत्याने फक्त विचारलं, 'म्हणजे नक्की काय?'

आज ताईने ब्लाउजची कापडं शेजारच्या मीनाकडे सोपवली. गुरुवारी गाठ निघेल, मग काढलेल्या भागाच्या कडा साफ आहेत का, म्हणजे तिथे कॅन्सरच्या पेशी नाहीत ना, याचा रिपोर्ट येईल. तो मोबाइलवर आला तरी उघडायचा नाही, असं ताईने मला बजावलंय. आधी डॉक्टर वाचतील, मग ताई... मी तिसरा.