एकोणीसचं चिलखत

ऑरिन हॅल्वरसनला ड्वेन प्रॉक्नाउबद्दल फारसं काही ठाऊक नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. वीसेक वर्षं दोघं दर शनिवारी एकाच टेबलाला समोरासमोर बसले. ड्वेनच्या खेळातल्या पात्राबद्दल, ग्रुंडीबद्दल, विचारा, ऑरिन तासभर सांगेल: हा बुटका योद्धा कोणत्या खाणीत जन्मला, त्याच्या भावाला कुणी दगा दिला, त्याला कांदा का चालत नाही. पण खुद्द ड्वेनला भाऊ होता का, त्याला कांदा चालायचा का, हे ऑरिनला सांगता आलं नसतं. ड्वेन नदीकाठच्या कागद गिरणीत होता, गिरणी बंद पडली तेव्हा घरी बसला, आणि तळलेलं चीज खाल्लं की बोटं पँटला पुसायचा. संपली माहिती.

खेळ चालायचा तो लव्हॉनच्या बोलिंग हॉलमागच्या खोलीत. भिंतीपलीकडे चेंडू घरंगळायचे, लाकडी खुंट धडाधड पडायचे, आणि अलीकडे ही चार-पाच म्हातारी माणसं फासे टाकून राक्षसांशी लढायची. प्रत्येकाचं एक पात्र. त्याची ताकद, चिलखत, सामानसुमान, सगळं एका कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं. ऑरिन खेळ चालवायचा, म्हणजे गोष्ट सांगायची, राक्षस हलवायचे आणि वाद झाला तर निवाडा द्यायचा. जन्मभर शाळा गरम ठेवणारा बॉयलर सांभाळलेला, चार माणसांत तोंड न उघडणारा हा माणूस इथेच तेवढा बोलायचा, आणि तेही पुटपुटत.

त्या जानेवारीत ड्वेन कागद न घेता आला. त्याच्या हातात टॅबलेट होता.

"ग्रुंडी आता यात राहतो," तो म्हणाला. "सगळी बेरीज हेच करतं. दर महिन्याला थोडे पैसे भरायचे, की झालं."

"अरे, जन्मभर कागद बनवलास आणि आता कागदाशी काडीमोड?" लव्हॉन म्हणाली. ती बोलिंग हॉलची मालकीण, खेळात मात्र चोर व्हायची.

"गिरणीनं मला सोडलं तेव्हा कागदानं कुठे अश्रू ढाळले?"

सगळे हसले. ऑरिन हसला नाही. पैसे कशाचे, हे त्याला कळेना. नियमांचं पुस्तक एकदा विकत घेतलं, कागद-पेन्सिल फुकट, डोकं आपलं. मग दर महिन्याला भरायचं ते कशासाठी? आणि पैसे घेणारा बदल्यात काहीतरी देतोच. काय देत असेल?

ते त्याला महिन्याभरात कळलं, किंवा कळलंसं वाटलं. ऑरिनचा एक राक्षस ग्रुंडीवर धावून गेला. ग्रुंडी आधीच रक्तबंबाळ, आणखी एक घाव बसला की खेळ खलास. ऑरिननं फासा टाकला, त्यात राक्षसाची ताकद मिळवली.

"अठरा," तो पुटपुटला. "लागलं."

ग्रुंडीचं चिलखत अठराचं, हे सगळ्यांना पाठ होतं. तेवढी बेरीज झाली की घाव बसतो.

ड्वेननं टॅबलेटवर बोट फिरवलं. "नाही लागलं. एकोणीस आहे."

"अठरा आहे."

"इथे एकोणीस लिहिलंय, ऑरिन. मी काय करू?"

या टेबलाचा एकच कायदा होता: आकड्यांत लबाडी करणाऱ्यानं परत यायचं नाही. पूर्वी कर्टिस नावाचा एक जण खोडरबरानं आकडे वाढवताना सापडला होता. परत येऊ नकोस, असं त्याला ऑरिननंच सांगितलं होतं. आता तेच ड्वेनला सांगायचं?

"आज इथेच थांबू," तो म्हणाला. "मी बघतो."

"बघ की," ड्वेन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. चीज तसंच टाकून तो निघून गेला.

"ऑरिन, अरे, कर्टिस नाहीये तो," लव्हॉन बशा उचलत म्हणाली.

"कर्टिसही आधी कर्टिस नव्हता."

घरी ऑरिननं पुस्तक काढून बेरीज केली. साखळ्यांचं चिलखत सोळा, ढालीचे दोन. अठरा. पुन्हा केली, तरी अठरा. मग त्याच्या मनात नको ते यायला लागलं. पैसे भरणाऱ्याला कंपनी एक आकडा गुपचूप वाढवून देत असेल. जास्त भरले तर दोन. ड्वेनला हे ठाऊक असेल का? ठाऊक असून गप्प बसला असेल तर तो लबाड. ठाऊक नसेल तर त्याला कुणीतरी गंडवलंय. दोन्ही वाईट. आणि तिसरी शक्यता अशी की आपणच चुकत असू. ती ऑरिनला नेहमीच वाटायची, म्हणून या वेळी त्यानं ती बाजूला ठेवली.

दोन दिवसांनी तो पुस्तक काखेत मारून ड्वेनच्या घरी गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दार एका ठेंगण्या बाईनं उघडलं.

"तू ऑरिन ना? माझ्या नवऱ्याला मारणारा?"

"नवऱ्याला नाही... म्हणजे ग्रुंडीला."

"एकच ते. आत ये, बूट काढ." मग आत तोंड करून ती ओरडली, "ड्वेन, पोलीस आलेत!"

तिचं नाव मार्लिस होतं, हे ऑरिनला त्या दिवशी कळलं. तिनं कॉफी आणि बशीभर ब्राटवर्स्ट सॉसेज पुढे ठेवले, आणि स्वतःही खुर्ची ओढून बसली. गंमत चुकवायची तिची तयारी नव्हती.

"कागद आहे जुना?" ऑरिननं विचारलं. "यंत्र नको. यंत्र त्याला हवं ते सांगेल."

ड्वेन उठला आणि कागद घेऊन आला. खोडून खोडून तो मधे पारदर्शक झाला होता. चिलखत: अठरा. ऑरिनला हायसं वाटलं, आणि लगेच वाईटही.

"मग एकोणीस कुठून आणलंस?"

"मी कुठे आणलं? टॅबलेटमध्ये सगळं मार्लिसनं भरलं."

"कागदावर होतं तेवढंच भरलं मी," मार्लिस म्हणाली. "बूट, दोरी, कढई. डगलासुद्धा, यंत्राच्या यादीतून शोधून."

"कसला डगला?"

ड्वेननं टॅबलेटवर एकोणीसच्या आकड्यावर बोट ठेवलं. आकडा उलगडला: चिलखत सोळा, ढाल दोन, रक्षणाचा करडा डगला एक. ऑरिननं कागद पाहिला. सामानाच्या कोपऱ्यात, कढईच्या खाली, ड्वेनच्याच अक्षरात: करडा डगला, ऑरिननं दिला, हिमपर्वतावर.

ऑरिननंच दिला होता. फार वर्षांपूर्वी. हा तुझं रक्षण करील, असं काहीतरी तो पुटपुटला होता; पुस्तकात अशा डगल्याचा एक धरतात, पण तो आकडा सांगायचा राहिला होता.

"तू हा कधी धरलाच नाहीस बेरजेत?"

"मला वाटलं थंडीसाठी आहे," ड्वेन म्हणाला.

मार्लिस इतकी हसली की कॉफी टेबलक्लॉथवर सांडली. "इतकी वर्षं! अंगावर जादू, आणि हा आपला गरम राहतोय!"

ऑरिनला हसू आलं, पण शंका काही संपली नाही. "पैसे भरायचे बंद केलेस तर काय होईल?"

"तर ग्रुंडीला कुलूप लागेल बहुतेक."

"बघ! स्वतःच्याच माणसाला भाड्याच्या घरात ठेवलंयस. उद्या त्यांनी भाडं वाढवलं, नियम बदलले, दुकानच बंद केलं तर? तू मागणार कुणाकडे?"

"गिरणीत आमच्या कायमच्या नोकऱ्या होत्या," ड्वेन म्हणाला.

ऑरिननं पुस्तक परत काखेत मारलं.

"माझी पाळी आली की तुम्ही सगळे गप्प बसून वाट बघता," ड्वेन कागदाकडे बघत म्हणाला. "मी बोटांवर मोजत असतो. मला बेरीज जमत नाही, कधीच जमली नाही. हे घेतलं तेव्हापासून मी मोजत बसत नाही, तू सांगतोस ते ऐकतो. चांगलं सांगतोस तू. एवढी वर्षं मला ऐकूच आलं नव्हतं."

ऑरिन बूट घालायला उठला. शनिवारी त्यानं सगळ्यांसमोर निवाडा दिला: एकोणीस. घाव चुकला, ग्रुंडी जगला. ड्वेननं त्या दिवशी सगळ्यांचं चीज संपवलं. ऑरिननं स्वतः मात्र ते यंत्र घेतलं नाही. आपण वेडे तर नाही ना, असं वाटत असूनही, दर शनिवारी खेळापूर्वी तो ड्वेनला आकडा विचारायचा. कंपनीनं रात्रीतून काही बदललं असेल, सांगता येत नाही. ड्वेनलाही त्याची सवय झाली. आधी तो चिडायचा, मग चिडेनासा झाला.

एप्रिलच्या एका बुधवारी ड्वेन अंगणात काम करता करता कोसळला आणि गेला. चर्चमध्ये ऑरिन मागच्या बाकावर बसला. पाद्री ड्वेनबद्दल बोलत होता, आणि त्यातलं बरंचसं ऑरिन पहिल्यांदाच ऐकत होता.

त्या बुधवारच्या आधीच्या शनिवारी खेळ संपल्यावर दोघं बोलिंग हॉलच्या दारात कोट चढवत उभे होते.

"एकोणीसच ना अजून?" ऑरिननं विचारलं होतं.

"या महिन्याचे भरलेत. एकोणीसच."

"बरं. मग शनिवारी."

"शनिवारी," ड्वेन म्हणाला.